केंद्राच्या शिक्षण परिषदेत एडीएचडी: शिक्षकांना काय शिकवायचं, कसं, आणि गाडं कुठं अडतं

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत वर्गशिक्षकांना विचारा, सगळ्यात जास्त दमवणारं पोर कोण? नाव लगेच तोंडावर येतं. आता दुसरा प्रश्न विचारा: काल त्यानं नेमकं काय काय केलं? इथं उत्तर अडखळतं. 'लई वांड आहे', 'एका जागी बूड टेकत नाही', 'डोकं आहे, पण वापरत नाही'. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवता न येणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार. त्यावरचं सगळं शिक्षक-प्रशिक्षण या दोन उत्तरांमधल्या फटीत बसवायचं असतं.

ही फट महाग पडते. एडीएचडी दाखवणारी रक्ततपासणी नाही, एमआरआय नाही, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नाही. घरचे आणि शाळा काय सांगतात यावरच निदान उभं राहतं. ओपीडीत मूल डॉक्टरांपुढे दहा-पंधरा मिनिटं असतं. जागा नवी, माणूस अनोळखी, त्यामुळे तेवढा वेळ ते शहाण्यासारखं बसतंही. शिक्षकांपुढे ते रोज पाच तास असतं. त्या पाच तासांतलं जे पाहिलं ते कागदावर आलं नाही, तर डॉक्टरांच्या हाती 'शाळेत त्रास देतो' एवढंच पडतं.

हा लेख केंद्रप्रमुख, गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि शाळांत बोलायला जाणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे.

वेळ, माणसं, सामान

एका दिवसाचं व्याख्यान घेऊ नका. प्रोजेक्टर, साठ स्लाइड, चहा-बिस्किटं, आणि सोमवारी वर्गात जसंच्या तसं. त्यापेक्षा केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षकांची दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, तिच्यातली ९० मिनिटं मागून घ्या, सलग तीन महिने. पहिल्या बैठकीत ओळख आणि नोंद, दुसरीत वर्गातले बदल आणि औषध, तिसरीत लोकांनी आणलेल्या नोंदींवर चर्चा. मधल्या काळात प्रत्येकानं एका मुलाची नोंद घेऊन यायचं.

२० ते २५ शिक्षक पुरेत. चाळीसच्या वर गेलात की मागच्या रांगेत मोबाइल निघतात. मुख्याध्यापकांना मात्र आवर्जून बसवा. बाकाची जागा बदलणं, पोराला तासात दोनदा पाणी आणायला पाठवणं हे त्यांना ठाऊक नसेल, तर वर्गशिक्षकाची सगळी मेहनत 'हे पोर बाहेर का फिरतंय?' या एका प्रश्नात वाया जाते. दुसऱ्या बैठकीला बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ असावेत. औषधांवरच्या प्रश्नांची उत्तरं विशेष शिक्षकांनी देऊ नयेत.

सामान थोडंच लागतं: माणशी चार कोरे अर्धे कागद, नोंदतक्त्याची झेरॉक्स, आणि कंप होणारा टायमर असलेला मोबाइल. तो तर प्रत्येकाच्या खिशात आहेच.

पहिली बैठक: आधी विशेषणं काढा

व्याख्येपासून सुरुवात केली की शिक्षक वही उघडून लिहायला लागतात आणि डोकं बंद होतं. आधी अर्धा कागद द्या. मुलाचं नाव न लिहिता, त्यानं काल केलेल्या तीन गोष्टी लिहायला सांगा. पाच मिनिटं. मग कागद अदलाबदल करून शेजाऱ्यानं त्यातलं प्रत्येक विशेषण खोडायचं: आळशी, वांड, मुद्दाम, हट्टी, धांदरट. बहुतेक कागदांवर फारसं काही उरत नाही. थोडा हशा पिकतो, पण मुद्दा पोचतो.

मग एक नमुना फळ्यावर लिहा. तिसरीचा गणिताचा तास: 'फळ्यावरची ८ उदाहरणं उतरवून सोडवायला सांगितली. १५ मिनिटांत ३ झाली. दुसऱ्यात वजाबाकीचं चिन्ह असताना बेरीज केली. पेन्सिल टोकायला ४ वेळा उठला. टोक चांगलं होतं.' त्याखाली दुसरा: 'जागेवरून एकदाही उठली नाही. बोलली नाही. १५ मिनिटांत २ उदाहरणं. खोडरबराचा चुरा गोळा करून वहीच्या कडेला त्याची रांग लावली. हाक मारल्यावर दचकली.'

यातलं कुठलं मूल तपासणीला पाठवाल, असं विचारा. जवळजवळ सगळे हात पहिल्यासाठी वर जातात. दुसरी मुलगी वर्गाला त्रास देत नाही, म्हणून ती सातवीपर्यंत 'शांत आहे, पण अभ्यासात कच्ची' या शेऱ्यावर ढकलली जाते. एडीएचडीत मुलग्यांचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं. पण मुलींमध्ये अवधानाची अडचण जास्त आणि धावपळ कमी असल्यानं त्या नजरेतून सुटतात, हेही तितकंच खरं. या मुलीवर बैठकीतली दहा मिनिटं खर्च करा. एरवी तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

माहिती किती द्यायची

वीस मिनिटांची. जगभरातल्या पाहण्यांचा मेळ घातला तर शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण ५ टक्के निघतं. म्हणजे तीसच्या वर्गात एखाद-दुसरं मूल. वर्गातली सहा-सात नावं कुणी एडीएचडी म्हणून देत असेल, तर यादी पुन्हा तपासायला सांगा.

निदानाचे निकष अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं काढलेल्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या नियमावलीत आहेत. अवधानाची ९ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९. मुलांमध्ये यापैकी एका गटातली किमान ६ दिसायला हवीत. ती किमान ६ महिने टिकलेली असावीत, काही तरी वयाच्या १२ वर्षांआधीच दिसलेली असावीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी रोजचं जगणं अडलेलं असावं. शिक्षकांना १८ लक्षणं पाठ करायला लावू नका. 'सहा महिने, बाराच्या आत, दोन ठिकाणी' एवढं लक्षात राहिलं तरी खूप झालं. फक्त तुमच्याच तासाला दंगा करणारं मूल या निकषात बसत नाही. त्याचं कारण तासात शोधावं लागेल.

कारणांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या मुलांच्या अभ्यासांत तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो. आईच्या लाडानं, वडिलांच्या धाकाअभावी किंवा साखर खाल्ल्यानं एडीएचडी होत नाही. साखरेचं खूळ तर आंधळ्या चाचण्या (कुणाला साखर दिली हे मुलांना-पालकांना न सांगता केलेल्या) करून केव्हाच निकालात निघालंय. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबवतो, क्रम लावतो, वेळेचा अंदाज देतो, तो या मुलांत उशिरा पिकतो. अमेरिकेत २००७ साली मेंदूच्या छायाचित्रांवरून झालेल्या अभ्यासात हा उशीर सरासरी ३ वर्षांच्या आसपास दिसला. म्हणून चौथीतल्या पोराकडून चौथीची हुशारी मागा, पण स्वतःला आवरण्याची अपेक्षा पहिली-दुसरीच्या मुलाची ठेवा.

इथं हमखास एक हात वर येतो: 'पण मोबाइल तर तासभर हलत नाही बघतो!' हा प्रश्न टाळू नका, बैठकीतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे. या मुलांकडे लक्ष असतंच. ते हवं तिथं नेऊन टिकवता येत नाही. मोबाइलवर दर काही सेकंदांना काहीतरी नवं येतं आणि बक्षीस जागच्या जागी मिळतं. शुद्धलेखनाच्या दहा ओळींचं बक्षीस मार्चमध्ये. मेंदूतल्या डोपामिनच्या (बक्षिसाची ओढ लावणाऱ्या रसायनाच्या) कारभारात अडचण असेल, तर लांबचं बक्षीस हाताला लागत नाही. वर्गातले पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीवर बेतलेले आहेत.

तसं दिसतं, पण ते नसतं

शिक्षकांना पुढे पाठवण्याआधी काही गोष्टी बघायला शिकवा. यातल्या बऱ्याच शाळेतच कळतात.

पहिली म्हणजे जन्मतारीख. जनरल रजिस्टर उघडा. एकाच वर्गात ११ महिन्यांचा फरक असलेली मुलं असतात, आणि पहिली-दुसरीत तो फरक डोंगराएवढा. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे अनेक देशांत दिसून आलंय.

मग कान आणि डोळे. मागून, तोंड न दाखवता, हळू आवाजात नाव घ्या. फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचून घ्या. झोप किती होते, सकाळी काय खाऊन आला, हेही विचारा. माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवरून तीन किलोमीटर चालत, उपाशी आलेलं पोर अकराच्या तासाला पेंगणारच.

भाषेचं विसरू नका. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी शाळेत असतात. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांत कुणाच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली असते. सूचना कळली नाही म्हणून इकडंतिकडं बघणारं मूल आणि कळूनही टिकू न शकणारं मूल लांबून सारखंच दिसतं. त्याच्या घरच्या भाषेत एक सूचना द्या, फरक पडतो का बघा.

आणि फिट. मूल मधेच थिजतं, नजर स्थिर, हाक मारली, खांदा हलवला तरी प्रतिसाद नाही. पाच ते पंधरा सेकंदांनी जणू काही झालंच नाही असं पुढे लिहायला लागतं. ही तंद्री नव्हे. तंद्री स्पर्शानं मोडते, ही मोडत नाही. असं दिवसातून अनेकदा दिसलं तर नोंदतक्त्याची वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. जमलं तर मोबाइलवर चित्रण करून पालकांना द्या आणि आपल्याकडचं पुसून टाका.

घरातली दारू, मारहाण, आईवडिलांपैकी कुणाचं नुकतंच जाणं, वाचनाची अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, चिंता: हे सगळं एडीएचडीसारखं दिसू शकतं आणि एडीएचडीसोबत असूही शकतं. ते वेगळं काढणं डॉक्टरांचं काम. शिक्षकांनी माहीत असेल ते लिहावं आणि थांबावं.

नोंद: दहा मिनिटं, दहा खुणा

पद्धत सोपी ठेवली तरच होते. टायमर दर मिनिटाला कंप होईल असा लावून मोबाइल खिशात ठेवा. शिकवणं चालू ठेवा. कंप झाला की त्या मुलाकडे एक नजर: दिलेलं काम करत असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. लगेच दुसरी नजर त्याच्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या दुसऱ्या एका मुलाकडे. दहा मिनिटांत दोघांच्या दहा-दहा खुणा होतात.

आठवड्यातून तीन दिवस, असे दोन आठवडे. सहा नोंदी. गणित, वाचन आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास, प्रत्येकी दोनदा. तक्त्याच्या वर तारीख, वेळ, विषय आणि काम कुठलं होतं ते लिहायचं. पाटण-जावळीतल्या दुशिक्षकी शाळांत, जिथं एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तिथं शिक्षक दुसऱ्या इयत्तेला शिकवत असताना ही नोंद उलट जास्त चांगली होते, कारण तेव्हा मूल स्वतःच्या भरवशावर असतं.

चुका तीन ठिकाणी होतात. एक, पोरानं डोकं फिरवलं त्याच दिवशी नोंद घेतली जाते. म्हणून दिवस आधीच ठरवा आणि पाळा. दोन, तुलनेसाठी वर्गातलं सगळ्यात हुशार मूल निवडलं जातं. हजेरीपटावर मधोमध असलेलं साधं मूल घ्या. तीन, आकडे जुळवले जातात. दोन्ही मुलांच्या १० पैकी ४च खुणा बरोबर निघाल्या, तर ते लपवू नका. त्या दिवशी तास कंटाळवाणा होता, एवढंच त्यातून कळतं, आणि तेही कळायला हवंच.

एक ३ वर, दुसरं ८ वर, आणि हे सहापैकी पाच वेळा: असा तक्ता डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

गळिताच्या हंगामात कारखान्याच्या भागातल्या शाळांत बाहेरगावची मुलं चार-पाच महिनेच असतात. सहा महिन्यांचा निकष एका शाळेला पुरा करताच येत नाही. अशा वेळी आधीच्या शाळेच्या शिक्षकांना फोन लावून 'तिकडंही असंच होतं का?' एवढं विचारा आणि उत्तर तारखेसह लिहा. मूल परत निघताना तक्त्याची प्रत शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा देते ते) पालकांच्या हातात द्या. ती मूळ गावातल्या शिक्षकांपर्यंत पोचते की नाही, हे पुन्हा एक फोन करूनच कळतं.

दुसरी बैठक: वर्गात काय बदलायचं

निदान व्हायला महिने जातात. वर्गातले बदल उद्यापासून करता येतात आणि एडीएचडी नसलेल्या मुलांचंही त्यात काही बिघडत नाही.

बसायची जागा पुढे, फळ्याच्या मधोमध, दार-खिडकीपासून लांब, शेजारी शांत मूल. टेबलाला चिकटून एकट्याला बसवणं म्हणजे जागा बदलणं नव्हे, ती शिक्षा झाली. वर्ग ते बरोबर ओळखतो.

सूचना हाताच्या अंतरावर जाऊन द्या. आधी नाव, मग नजर, मग एकच काम, सात-आठ शब्दांत. 'गणिताची वही काढ.' काढली? 'पान चाळीस.' उघडलं? 'पहिली तीन उदाहरणं.' मग त्याच्याकडून परत वदवून घ्या. 'सगळ्यांनी वह्या काढा, पान चाळीस, पहिली आठ सोडवा, झालं की तपासायला आणा आणि मग वाचत बसा' यातला शेवटचा तुकडा तेवढा त्याच्या कानात राहतो, आणि ते वाचत बसतं.

काम तोडा. आठ उदाहरणं म्हणजे ३, ३ आणि २. खालची उदाहरणं पुठ्ठ्यानं झाका. तीन झाली की उठून दाखवायला यायचं, म्हणजे हक्काचं चालणंही झालं. हालचाल रोखू नका, तिला वाट द्या: वह्या वाटणं, खडू आणणं, घंटा देणं, फळा पुसणं. मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून कधीही कापू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि तिची किंमत पुढच्या तासाला शिक्षकच मोजतात.

शाबासकी जागच्या जागी आणि नेमकी. 'छान' यातून त्याला काहीच कळत नाही. 'तीन उदाहरणं न उठता केलीस' यातून कळतं. एका टोकण्यामागे तीन-चार शाबासक्या असा हिशेब ठेवा. सुरुवातीला शिक्षकांना हे कृत्रिम वाटतं, वाटू दे. मारणं, कोंबडा करणं, वर्गासमोर लाज काढणं यांवर शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ नं बंदी आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी या मुलांवर त्यांचा उपयोग होत नाही. छडीनं मिनिटभर मिळालेली शांतता म्हणजे लक्ष नव्हे.

रोजचं कार्ड

शाळा आणि घर यांना जोडणारं हे सगळ्यात कामाचं साधन. आणि सगळ्यात जास्त वेळा फसणारंही, म्हणून जरा सविस्तर.

पोस्टकार्डाएवढा कागद. त्यावर दोनच उद्दिष्टं, फार तर तीन. ती 'काय करायचं' अशा भाषेत हवीत आणि मोजता यायला हवीत. 'दंगा करू नये' हे चालत नाही. 'बोलण्याआधी हात वर केला' हे चालतं. दिवसाचे चार भाग करा: परिपाठानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर, शेवटचा तास. प्रत्येक भागाच्या शेवटी खूण करायची, मुलाच्या डोळ्यांदेखत.

पहिलं लक्ष्य कुठं ठेवायचं? आठवडाभर आधी नुसतं मोजा. पोर एका तासात ९ वेळा उठत असेल तर पहिलं लक्ष्य ७, शून्य नव्हे. पहिल्या आठवड्यात पाचपैकी चार दिवस ते जिंकलं पाहिजे. तीन-चार दिवस सलग जमलं की ६ करा. बहुतेक कार्डं मरतात ती इथंच: शिक्षक पहिल्याच दिवशी 'अजिबात उठायचं नाही' असं ठेवतात, मूल तीन दिवस हरतं आणि चौथ्या दिवशी कार्ड ओढ्यात सापडतं.

बक्षीस घरी, त्याच संध्याकाळी. शनिवारी मिळणारं बक्षीस या मुलाला मिळत नाही असंच समजा. पैसे नकोत, कुरकुऱ्याचं पाकीटही नको: पंधरा मिनिटं जास्त सायकल, आजोबांबरोबर गोठ्यात, झोपताना एक जास्तीची गोष्ट. मिळवलेली खूण कुठल्याही कारणानं परत घ्यायची नाही. दुपारी मारामारी केली म्हणून सकाळच्या खुणा खोडल्या, की मूल त्या कार्डावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. कमी खुणा आल्या तर घरी ओरडा नाही, फक्त बक्षीस नाही. हे पालकांना समोर बसवून सांगावं लागतं.

दोन-तीन आठवड्यांनी नव्याची नवलाई संपते आणि 'कार्डाचा आता उपयोग होत नाही' अशी तक्रार येते. कार्ड तेच ठेवा, बक्षिसं बदला.

पालकांशी बोलणं

पालकसभेत नाही, वर्गाच्या दारात नाही, बाकीच्या आया खिचडी घेऊन जाताना तर मुळीच नाही. बोलावून, बसवून, पंधरा मिनिटं. घरात निर्णय आजी-आजोबा घेत असतील तर त्यांनाही बोलवा, नाहीतर आईला तेच सगळं घरी दुसऱ्यांदा सांगावं लागतं, आणि तिचं कुणी ऐकत नाही.

सुरुवात मुलाच्या चांगल्या गोष्टीनं. मग तक्ता पुढे ठेवा. 'ताई, गोष्ट सांगितली की समर्थ सगळ्यात आधी उत्तर देतो. लिहायला बसलं की दहा मिनिटांत तीनच मिनिटं काम होतं; शेजारच्या पोराचं आठ मिनिटं. घरी कसं असतं?' आणि मग गप्प बसायचं. घरची माहिती याच शांततेत बाहेर येते.

'एडीएचडी' हा शब्द शिक्षकांनी उच्चारू नये. 'डॉक्टरांना एकदा दाखवूया, कान-डोळ्यांपासून सगळं बघतील' एवढं पुरे. 'गोळी चालू करा' तर नाहीच. कुणी दृष्ट काढली, देवऋषाकडे नेलं, अंगारा लावला असं सांगितलं तर हसू नका, वादही घालू नका. 'ते तुमचं चालू द्या, डॉक्टरांचंही करूया' म्हटलं की दार उघडं राहतं.

कुठं पाठवायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत येतात. २०१३ पासून चाललेल्या या कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत एडीएचडी आहे. पथक आलं की पाच मिनिटांत शंभर मुलांची रांग लागते, त्यात हे मूल निसटतं. म्हणून पथकातल्या डॉक्टरांच्या हाती नाव आणि तक्ता आधीच द्या. पथक मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. पथकाची वाट बघायची नसेल तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आणि सांगली-मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. तिथं बालरोग किंवा मानसोपचार विभाग विचारायचा. पालकांना फोनवर आधी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

सोबत द्यायचं: सहा नोंदींचा तक्ता, गणित आणि मराठीच्या वहीची दोन-दोन पानं, शेवटच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं. बस. शिफारशीचं लांबलचक पत्र नको.

एक गोष्ट पालकांना आधीच सांगा. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव वेगळं नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं, म्हणून डॉक्टरांना वाचन-लेखनाच्या तपासणीबद्दल विचारायला सांगा. प्रमाणपत्र आणि परीक्षेतल्या सवलती त्या वाटेनं येऊ शकतात.

औषधं: शिक्षकांना किती कळायला हवं

सहा वर्षांखालच्या मुलांत पहिला उपचार पालकांना वर्तनाचं प्रशिक्षण देणं हा आहे, औषध नव्हे. सहाच्या पुढे बहुधा दोन्ही सोबत. अमेरिकेतल्या १९९९च्या एमटीए अभ्यासात ५७९ मुलांना १४ महिने पाहिलं गेलं. मूळ लक्षणांवर काटेकोर औषधोपचार सरस ठरले, तर घरचं वातावरण, मैत्री, अभ्यास यांत औषधाला वर्तनोपचाराची जोड दिल्याचा फायदा दिसला. 'गोळी की शिस्त' असा वाद बैठकीत रंगला तर एवढं सांगून पुढे सरका.

भारतात मुख्यतः दोन औषधं दिली जातात. मेथिलफेनिडेट अर्ध्या-पाऊण तासात लागू पडतं. साध्या गोळीचा असर ३ ते ४ तास, लांबणाऱ्या गोळीचा त्याहून बराच जास्त. ॲटोमॉक्सेटिन रोज घ्यावं लागतं आणि पुरता परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात 'काही फरक नाही' असं शिक्षकांनी पालकांना सांगू नये.

आता साधा हिशेब फळ्यावर मांडा. आईनं शेतावर जाण्याआधी आठला नाश्त्यासोबत साधी गोळी दिली. शाळा साडेदहाला. बाराला असर संपला. म्हणजे परिपाठ आणि पहिला तास औषधाचा, बाकीचा दिवस औषधाविना. दुपारच्या तासाचे शिक्षक म्हणतात, गोळी फुकट आहे. सकाळचे म्हणतात, पोर बदललं. दोघंही खरं बोलतायत. म्हणून तक्त्यावर गोळीची वेळ लिहिल्याशिवाय नोंद निरुपयोगी. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा हा हिशेब पुन्हा बदलतो.

डॉक्टर कमी मात्रेनं सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं वाढवतात. या काळातला दहा खुणांचा तक्ता त्यांना सोन्यासारखा. जुन्याच पद्धतीनं, आठवड्यातून दोनदा, सकाळी आणि दुपारी.

काय दिसलं तर कळवायचं? भूक मरते, हे सगळ्यात नेहमीचं. पोषण आहाराची खिचडी तशीच ताटात राहते आणि चार वाजता पोरगं खायला शोधतं. ताट टाकून न देता त्याचा वाटा झाकून ठेवा, शाळा सुटताना खाऊ द्या. महिन्यातून एकदा वजन, तीन महिन्यांनी उंची. शाळेच्या वजनकाट्यावर होतं. झोप उशिरा लागणं, डोकं-पोट दुखणं, संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड, हे पालकांमार्फत डॉक्टरांना कळवा. मूल मेणाच्या बाहुलीसारखं गप्प झालं, हसेनासं झालं, तर 'वा, सुधारला' म्हणू नका. मात्रा जास्त होत असावी, लगेच कळवा. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, जीव देण्याची भाषा, यासाठी मुळीच थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

शाळेत दुपारची गोळी द्यायची वेळ आली तर पालकांचा लेखी अर्ज, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मुख्याध्यापकांच्या कपाटाला कुलूप आणि एक छोटी वही: तारीख, वेळ, दिलेली, उरलेल्या गोळ्या, सही. मेथिलफेनिडेट कायद्यानं नियंत्रित औषध आहे. चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलंही नसतं. आटपाडीच्या किंवा पाटणच्या आतल्या गावातून दर महिन्याला शहर गाठणं सोपं नाही. उरलेल्या गोळ्यांचा रकाना दहावर आला की पालकांना आठवण करा. औषध सुटलं ते नको म्हणून की मिळालं नाही म्हणून, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

'व्यसन लागेल का?' हा प्रश्न येतोच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधानं मुलांना व्यसन लागतं असं दिसलेलं नाही. 'जन्मभर?' याचं उत्तर मुलागणिक वेगळं; डॉक्टर अधूनमधून थांबवून बघतात. ब्राह्मी, प्राणायाम, मातीत खेळणं यांना विरोध करू नका, फक्त औषधाच्या जागी ते नको.

आणि एक वाक्य बैठकीत सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, की हे वर्गात कधीच बोलणार नाही: 'आज गोळी घेतली नाहीस का रे?'

तिसरी बैठक

महिनाभरानं प्रत्येक जण आपला तक्ता आणतो. गुण बघू नका, दहा खुणा बघा. ३ वरून ५ झालं असेल तर बदल चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर एकेक करून तपासा: जागा खरंच बदलली का, सूचना हाताच्या अंतरावरून दिली का, कार्ड घरी पोचलं का. बहुतेक वेळा कार्ड दप्तराच्या तळाशी सापडतं. त्यावर उपाय म्हणजे कार्ड खिशात, आणि घरी पोचल्यावर आईचा मिस्ड कॉल.

काहींनी नोंद केलेलीच नसते. त्यांना न बोलता शेजाऱ्याचा तक्ता वाचायला द्या.

शेवटचं काम एप्रिलमधलं. मुलाचे सगळे तक्ते, चालणारी दोन कार्डं आणि एका पानावर 'काय चालतं, काय चालत नाही' असं पाकीट करून पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्या, शाळा बदलत असेल तर पालकांच्या. औषधाचा तपशील पालकांना विचारूनच त्यात घाला. बदल्यांच्या हंगामात हे पाकीट कपाटात राहून जातं, म्हणून जूनच्या पहिल्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी नाव घेऊन विचारायचं: पाकीट मिळालं का?